उन्हात उपडी घातलेली होडी

तीर्थरूप बाबांस,
संचिताचा पुण्याहून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? मालवणात पाऊस थांबून ऊन पडलंय म्हणे.

त्या उन्हाचीच धास्ती आहे. मी प्रयोगशाळेतून आणलेला लेप तुम्ही होडीला लावलात. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी घरंगळलं, म्हणून खूश होऊन यंदा नेहमीचं काजूच्या टरफलांचं तेल लावलंच नाहीत. आणि शेजारच्या गुरुदासने पाठवलेल्या फोटोत होडी नेहमीसारखी वाळूवर उन्हात उपडी वाळतेय.

बाबा, हा लेप सावलीत पाणी झटकतो, पण ऊन लागलं की तेच पाणी पिऊ लागतो. आमच्या नमुन्यावर परवा ऊन पडलं, तेव्हा आम्हालाही कळलं. भर दर्यात फळ्या पाणी पिऊन जड झाल्या तर?

गुरुदासने सांगितलं तर तुम्ही त्यालाच हसलात. फोनवर मला "बरां, बरां" म्हणालात. म्हणून लिहिते.

होडी माडाच्या झापांखाली झाका. आईला फक्त माझी खुशाली सांगा.

मग फळीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. गोल राहिला तर ठीक. पसरला, तर यंदा पुनवेचा नारळ काठावरूनच सोडा. माका भिती वाटता.

तुमचीच,
संचिता