यंदा गहू कोरडा
बाळापूर. श्रावणी सोमवार, दिवेलागण.

आज आलं: पुराचं पाणी, पायरीपर्यंत. खर्च: बायांच्या चहाची साखर, बाकी काही नाही.

मागच्या वर्षी कोठीतला वर्षाचा गहू सडला. सगळे म्हणाले, पाऊसच तसा. नदी फुगली की आमच्या सखल गल्लीत पाणी येतंच. पण परत जाणार कुठून? रस्त्याखालची मोरी बुजलेली, तीही आमच्याच निर्माल्यानं, पिशव्यांत बांधून नाल्यात सोडलेल्या. म्हणून यंदा आम्ही बायांनी मोरी उपसली आणि निर्माल्यासाठी मंदिरामागे खड्डा खणला.

दीर हसले होते. "काहून वयनी, देवाची फुलं खड्ड्यात?"

"नाल्यात टाकली तं देव गाळ घेऊन घरात येते, भाऊजी."

बोलले खरी, पण आज पाणी चढताना जीव थाऱ्यावर नव्हता. खड्डा करून पाप तर नाही झालं? हातात जपमाळ, नजर मोरीवर. पाणी पायरीला लागलं, थबकलं, आणि घोंघावत मोरीतून निघून गेलं. कोठीत हात घालून पाहिला. गहू कोरडा. महादेवा, तुझीच कृपा.

संध्याकाळी दीर पूजेचा उतरवलेला बेल घेऊन निघाले, गुपचूप, खड्ड्याकडे.

धामणगावच्या बहिणीला आत्ताच कार्ड लिहिते: तुमच्या गल्लीची मोरी वाकून बघ, आणि आत काय अडकलंय ते उलट टपाली कळव.