दुसरी चावी

३ ऑक्टोबर १९९६

आला! जर्मनीहून फिटर आला. नाव केलर. सूटबूट घातलेला साहेब उतरेल अशा समजुतीने स्टेशनवर गेलो होतो. उतरला तो निळ्या डगल्यातला पन्नाशीचा माणूस, हातात स्वतःची हत्यारांची पेटी. हमालाला दिली नाही. मलाही नाही.

नवा स्टेंटर तोच बसवणार. सव्वाशे फूट लांब, आठ कप्पे. ओलं छापील कापड एकीकडून आत, ताणून, गरम हवेत वाळून दुसरीकडून बाहेर. बी.एस्सी. होऊन कडोदऱ्याच्या या मिलमध्ये एकवीस वर्षं काढली, पण असलं यंत्र पाहिलं नव्हतं.

आणि एक गोष्ट — करारात मिलच्या एका माणसाला तिकडे तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे! नाव केलर सुचवणार. मालक धनसुखशेठ म्हणाले, "योगराजभाई, तमारा सिवाय कोण?"

घरी रंजनाला सांगितलं. तिने आधी विचारलं, "तिथे जेवणार काय?"

५ ऑक्टोबर

केलरने गेटजवळचा फळा पाहिला. 'अपघात : शून्य.' हे कोण लिहितं? मी, मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे बरेच दिवस शून्य दिसलं की आम्ही घाबरतो. कुणीतरी काहीतरी सांगत नाहीये. तिकडे नुसतं थोडक्यात चुकलं तरी कागदावर लिहितात, आणि लिहिणाऱ्याचे आभार मानतात. आभार!

तेवढ्यात समोरून मशीनवरचा निंबा गेला. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. केलरने विचारलं, ही कुठे गेली? म्हटलं, जुन्या मशीनच्या साखळीत, दोन वर्षांपूर्वी. त्याने पुढे विचारलं, त्या दिवशी फळ्यावर काय होतं?

शून्य होतं. रजिस्टरमध्ये 'घरी पडला' असं माझ्या अक्षरात आहे. शेठनी सांगितलं म्हणून लिहिलं, हे खरं. पण पेन माझं होतं.

१० ऑक्टोबर

केलरच्या सांगण्यावरून शेठनी नऊ जोड लोखंडी टोकाचे बूट आणवले. आज बघतो तर नऊच्या नऊ माणसं चपलांत. केलर कपाळाला हात लावून उभा.

उखाला विचारलं. उखा म्हणजे आमचा सगळ्यात जुना मशीनवाला, पारोळ्याकडचा, डिंडोलीत राहतो. म्हणाला, "भाऊ, इतका चांगला बूट कारखान्यामा कोण घाली? दिवाळीले गावले जाऊ तव्हय घालसू."

हे इंग्रजीत कसं सांगायचं? सांगितलं कसंबसं. केलर इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग त्याने सगळ्यांना आणखी एकेक जोड द्यायला लावला — गावासाठी वेगळा. शेठचा चेहरा बघण्यासारखा होता.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस विसरणार नाही. मुख्य स्विचच्या दांड्याला केलरने एक पट्टी बसवली, तिला भोकं. यंत्राच्या आत जो कुणी शिरेल त्याने आधी दांडा खाली करायचा, आपलं स्वतःचं कुलूप त्यात अडकवायचं आणि चावी खिशात टाकायची. चार जण आत, तर चार कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र चालू होऊच शकत नाही. शेठ आले, मॅनेजर आला, कुणीही आला तरी नाही!

इतकी साधी गोष्ट. एकवीस वर्षांत मला का सुचली नाही? आपल्याकडे आत माणूस असला की दुसरा बाहेर उभा राहून ओरडतो, "रेवा दे, रेवा दे" — राहू दे, चालू करू नको. सगळी भिस्त त्याच्या घशावर.

कुलपं मीच बाजारातून आणली, प्रत्येकाचं नाव रंगवलं. उखा आपलं नाव बोटाने चाचपत होता. म्हणाला, आजवर मिलमध्ये स्वतःची अशी एकही वस्तू नव्हती.

१५ ऑक्टोबर

केलरचं म्हणणं, कुलपाबरोबर आलेली दुसरी चावी मोडून टाका. मी होय म्हटलं.

पण धडधाकट चावी मोडायची? आपल्याकडे दुसरी चावी कुणी टाकत नाही; विश्वासाच्या माणसाकडे ठेवतो. उखाच पहिला आला. "खोलीमा आठ जण शेतस, भाऊ. चावी कोठे ठेवू? तुमनाजोडे राहू द्या." मागोमाग किसन, निंबा, सगळेच. नऊ चाव्या माझ्या टेबलाच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात.

खरं सांगतो, बरं वाटलं. केलरला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? हरवली तर काम अडेल, म्हणून ठेवल्यात. एवढंच.

२१ ऑक्टोबर, दसरा

यंत्राची पूजा. शेठनी झेंडूची ही एवढी माळ साखळीजवळ लावली, केलरने ती काढून दूर खिळ्याला टांगली. भटजी स्विचला कुंकू लावायला गेले तर हा आडवा. आधी दांडा खाली, आधी कुलूप! भटजी म्हणाले, "मग माझं कुलूप कुठाय?" अख्खी मिल हसली. उखाने आपलं दिलं. भटजींनी ते लावलं, चावी कनवटीला खोचली, आणि मग नारळ फुटला.

दुपारी पहिलं कापड बाहेर आलं. गरम, सरळ, एक सुरकुती नाही! मी गालाला लावून पाहिलं.

२८ ऑक्टोबर

केलरने रोजचा तक्ता माझ्याकडे सोपवला. काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं, ते लिहून खाली सही. ट्रेनिंगसाठी हाच तक्ता तिकडे पाठवणार म्हणे.

पासपोर्टच्या फॉर्मची चौकशी केली. लोकरी टोपी कुठे मिळेल तीही. रंजना म्हणते, "कुलूप लावायला शिकायला जर्मनीला कशाला? रोज दार उघडं टाकून जाता, मी शिकवते."

४ नोव्हेंबर



केलर तिकिटासाठी मुंबईला गेलेला. दिवाळीचा माल अडलेला, व्यापारी ऑफिसात बसून. सकाळी आठला रात्रपाळी सुटली. यंत्र बंद, आणि दांड्याला एकच कुलूप — उखाचं. शेठ म्हणाले, "ए तो घेर गयो. भूली गयो हशे." मी हजेरीचं कार्ड काढून पाहिलं. सुटल्याचा शिक्का, आठ वाजून तीन मिनिटं. दोन हाका मारल्या. उत्तर नाही. शेठनी नुसतं पाहिलं. 

मी डबा उघडला. मी कुलूप काढलं. बटण मीच दाबलं.

या यंत्रात सुरू होण्याआधी दहा सेकंद घंटा वाजते. ती वाजली आणि सहाव्या कप्प्याचं दार धाडकन उघडून उखा बाहेर पडला. जाळीवर साचलेली कापडाची लव काढत होता. डोकं, भुवया सगळं पांढरं. बंद दाराआड, शेजारच्या जुन्या मशीनच्या घरघरीत हाक ऐकूच गेली नाही त्याला. कार्ड किसनने मारलं होतं — एका खोलीतले, एकजण सगळ्यांची कार्डं मारतो, नेहमीचंच.

मी लाल बटण दाबलं. उखा स्विचकडे बघत राहिला. "मनं कुलूप व्हतं ना, भाऊ."

शेठ म्हणाले, "कोईने वाग्युं तो नथी ने? बस." कुणाला लागलं नाही ना, मग झालं.

५ नोव्हेंबर

तक्ता दिवसभर समोर कोरा. न लिहिलं तर कुणाला कळणार आहे? उखा बोलणार नाही. लिहिलं तर जर्मनी गेली. हा हिशेब मी चार वेळा केला. चार वेळा!

मग लिहिलं. चावी कुठून आली, कुणी ठेवली, कुणी फिरवली. सगळं. सही केली.

संध्याकाळी केलरने वाचलं. ओरडला नाही. म्हणाला, लिहिलंत, आभार. त्या शब्दाने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने विचारलं, उखा आत गेला तेव्हा आसपास कोण होतं? म्हटलं, कुणीच नाही. पाळी सुटायला पाच मिनिटं होती. तरी त्याने कुलूप लावलं? हो. केलरने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

६ नोव्हेंबर

उखा टेबलाशी आला. "दुसरी चावी द्या, भाऊ." मागे आठ जण रांगेत. कुणी रागावलेलं नव्हतं, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. एकेक चावी हातावर ठेवली. बॉयलरच्या भट्टीत टाकल्या त्यांनी. मीही जाऊन उभा राहिलो. डबा रिकामा झाला आणि मला चक्क हलकं वाटलं.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मिल बंद. माणसं गावाला गेली, नव्या बुटांत. केलर गेला.

२५ नोव्हेंबर

केलरचं पत्र आलं. ट्रेनिंगसाठी नाव दिलंय — उखाचं.

पासपोर्टचा फॉर्म भरायला तो माझ्याकडेच आला. जन्मतारीख त्याला माहीत नाही. "तुमी टाका ना काही बी, भाऊ." पेन टेकवलं होतं. उचललं. म्हटलं, गावच्या शाळेतून दाखला मागव. तोवर ती जागा कोरी ठेवली आहे.