रांगेतली शेवटची वेणी

इंदापूर, मंगळवार संध्याकाळ, १९९७

आज स्टँडवर सुनंदा भेटली. सणसरची. बारामतीच्या वसतिगृहात माझ्या मागं बसायची ती. तेव्हापासून डोळ्यांसमोर वसतिगृहाची ती पायरीच येतेय. शाळेआधी आम्ही साऱ्या मुली एकामागं एक बसायचो आणि प्रत्येकीनं पुढच्या मुलीच्या वेण्या घालायच्या. कोवळं ऊन, खोबरेल तेलाचा वास, लाल रिबिनी. माझ्या वेण्या सुनंदा घालायची. ती कायम रांगेत शेवटी.

सहा वर्षं. तिच्या मागं कुणीच नव्हतं, हे माझ्या कधी ध्यानातच कसं आलं नाही?

आज विचारलंच. "तुझ्या वेण्या कोण घालायचं गं?"

"माझी मीच. तुमी उठायच्या आधी," ती म्हणाली. "तू लई मान हलवायचीस."

सणसरची गाडी लागायची होती. तिला स्टँडच्या पायरीवर बसवलं, मी मागं बसले आणि तिचा अंबाडा सोडला. लोक बघत होते. बघू देत. केस निम्मे पांढरे, वास मात्र तोच. वेणी शेंड्यापर्यंत आली आणि गाडी लागली. रिबीन कुठली असायला? शेंडा मुठीत धरून ती तशीच चढली.

गाडी वळेपर्यंत खिडकीत ती मूठ दिसत होती.