चारशे बारांतले एक उत्तर

सोलापूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या ऑनलाइन सर्वेक्षणाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ना श्रीकार, ना नमस्कार. भल्या माणसाला एकदम वय विचारायचे? तेही '४५ ते ६०' अशा एकाच पोत्यात भरून! असो.

यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या कानांवर काय परिणाम होतो, त्या तुझ्या सर्वेक्षणाची लिंक सकाळी माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत चारशे बारा उत्तरे! जनगणनेत मला एका गल्लीला बारा दिवस आणि चपलांचे दोन जोड लागले होते. आकडा चढताना थक्क होऊन पाहत बसलो. काकू म्हणाली, दूध उतू गेले तेव्हाही तुम्ही असेच बघत होतात.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर अक्षर दिसत नाही.

लोभ आहेच, तो वाढवणे तुझ्याकडे.
मृत्युंजयकाका

पुणे, ११ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न.

थक्क मीही झाले. तुमच्या एकाहत्तर विद्यार्थ्यांचा डावाच कान, बरोबर तीनच वर्षांपासून दुखतोय! त्यांच्यातल्याच आरिफनं आपल्या उत्तरांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि बाकीच्यांनी उतरवून काढला. गुरुजींनी पाठवलंय म्हणजे मार्क असणार, असं वाटलं म्हणे. शिवाय तुमच्या घरामागच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या इमामबींकडे स्मार्टफोनच नाही, त्या राहिल्याच.

पण एक उत्तर उतरवलेलं नाही. 'मुले पाठ म्हणतात. ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. घरी सांगितलेले नाही.' समोर बसून मला हे कुणी सांगितलं नसतं. नाव मी विचारणार नाही. ते गृहस्थ भेटले तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्याल?

तुमच्या मायेची हक्कदार,
रेश्मा

सोलापूर, १७ ऑगस्ट

चि. रेश्मास,
अनेक आशीर्वाद.

कॉपी करणारे मीच शिकवले, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून कागद घेऊन इमामबीकडे गेलो. मागांच्या खडखडाटात ओरडून प्रश्न विचारू लागलो, तर ती हसून म्हणाली, की गुरुजी वरडू नका, तोंडाकडं बघून समदं कळतंय की. मग आम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत सर्वेक्षण पुरे केले.

तुझ्या फॉर्मला ना तोंड, ना कान. तरी तीस वर्षांच्या संसारात जे बोललो नाही, ते त्याला दोन मिनिटांत सांगून बसलो. याचे नवल अजून ओसरत नाही.

ते गृहस्थ मीच. काकूला आज सांगितले, डॉक्टरांकडेही जाईन. भीती कानांची नाही, रेश्मा. दोन वर्षे मुले श्लोक म्हणत आहेत आणि मी 'छान' म्हणतो आहे. ती काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

लोभ असू दे.
मृत्युंजयकाका