वेलीवरची भुरी आणि दुर्दोनाची सोयरीक

४ मे, सकाळ
द्राक्षाच्या वेलीवर भुरी. मांडवाखालीच आमची चहाची बैठक, आणि वर पानांवर पीठ सांडल्यासारखं. १५ तारखेला पोरीला, दुर्दोनाला, बघायला मुलाकडच्या बायका येणार. आम्हा उझबेकांत, मर्गिलानमध्ये तर खासच, मुलीआधी अंगण बघतात. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, एक बुरशी आवरणार नाही?

४ मे, संध्याकाळ
दुकानदार म्हणाला, भुरीला गंधक. मी मोरचूद-चुन्याची निळी पुडी घेतली. वडील तीच मारत. लेबल वाचलं: हातमोजे, चष्मा, मास्क, वाऱ्यात फवारू नका, माप ओलांडू नका, दोन आठवडे पानं-फळं खाऊ नका. कंपन्यांना घाबरवायची सवयच असते. बायकोला, सबोहतला, सांगितलं नाही. गेल्या वर्षी टोमॅटो करपले, तेव्हापासून मला औषधाला हात लावायची बंदी आहे. टोमॅटो उन्हाने करपले होते.

६ मे
सबोहत बहिणीकडे. फवारणी उरकली. माप दुप्पट, कारण भुरी मुरलेली. वारा होता, निम्मं औषध माझ्याच अंगावर. मास्क म्हणून सबोहतची ओढणी. चष्म्याऐवजी डोळे बारीक केले. उरलेलं टाकवेना, म्हणून खोलीतल्या कुंडीतल्या लिंबावर मारलं. खिडक्या बंद होत्या. खोकला येतोय, पण छाती मोकळी झाल्यासारखी वाटते.

७ मे
सबोहतने विचारलं, टोपी निळी कशाने झाली? म्हटलं, शाई सांडली. तिने टोपी भिजत घातली. पटलं तिला.

१० मे
लिंबाची पानं गळतायत. ऋतूच तसा आहे.
दुर्दोनाने विचारलं, बाबा, त्यांना आपलं घर आवडेल ना? मुलगा तिच्या मनातला. दोघं एकाच इस्पितळात कामाला. विचारताना पोरीचा आवाज अगदी बारीक झाला. म्हटलं, बाप बसलाय ना इथे. मग मात्र मला जेवण जाईना.

१५ मे, दुपार
पाहुण्या आल्या. हे बायकांचं काम, म्हणून मला चायखान्यात पिटाळलं. शेजारच्या रहमतुल्ला अकाने विचारलं, बेत काय केलाय? ऐटीत सांगितलं, तोक-ओशी. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत गुंडाळलेला खिमा. मे महिन्यात मानाच्या पाहुण्यांना दुसरं काय वाढणार? हे तोंडातून निघालं आणि पुडीवरचं लेबल आठवलं. पानं आमच्याच वेलीची असणार. फवारून नऊच दिवस झालेत. लिहीत काय बसलोय, पळतो.

१५ मे, संध्याकाळ
वेळेवर पोचलो. मुलाच्या आईच्या हातातलं ताट ओढलं. म्हटलं, खाऊ नका, विष आहे, मीच मारलंय. ताट खाली अंथरलेल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, पालथं झालं. मुलाची मावशी चपला शोधू लागली. दुर्दोना चहादाणी धरून उभी, तोंड पांढरंफटक.
सबोहत शांतपणे म्हणाली, पानं बाजारातली आहेत. निळ्या वेलीची पानं कोण खुडेल? शेजारणींनाही तिने आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा आमच्याकडची पानं नेऊ नका, ह्यांनी काहीतरी मारलंय. म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक. शाईचं काय मग?
पाहुण्या नान न मोडताच गेल्या. नान मोडली असती तर होकार होता.

१६ मे
दुर्दोना बोलत नाही. माझ्या प्रसंगावधानाचं कुणालाच काही नाही. पानं खरंच वेलीची असती तर? हे सबोहतला विचारलं. ती म्हणाली, आधी एका शब्दाने सांगितलं असतंत तर?
उत्तर उद्या देईन.

१८ मे
मला भीती वाटते. माझ्यामुळे पोरीचं मोडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

२१ मे
सबोहतने काय समजूत घातली कोण जाणे, पाहुण्या आज पुन्हा येणार असं कळलं. मी छोटंसं भाषण तयार केलं. आधी माफी, मग बुरशीनाशकांविषयी थोडी माहिती. सबोहतने ऐकून घेतलं आणि मला न्याहारीनंतर लगेच चायखान्यात धाडलं. बोलावीन तेव्हाच या, म्हणाली.
भाषण घोकत बसलो. चार किटल्या चहा झाला. बोलावणं नाही.
संध्याकाळी रहमतुल्ला अका आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, मुबारक. कशाबद्दल, मी विचारलं. तो बघतच राहिला. म्हणाला, अरे, दुर्दोनाचं ठरलं. नान दुपारीच मोडली, गल्लीभर मिठाई वाटून झाली.
त्याच्या खिशात आमच्या घरची मिठाई होती. त्यातली अर्धी त्याने मला दिली.