गाण्यात घेतलेलं अर्धं वाक्य

रॉडनी,

काल आईला निरोप दिला. शवपेटीपुढे पडदा सरकताना इथे गाणं लावतात, तुला माहीत आहे. मी नको म्हटलं होतं, तरी दहनगृहातल्या लोकांनी तुझंच लावलं. 'उद्या सगळं बरं होईल' सुरू झालं आणि फुटबॉलच्या मैदानात उभे असल्यासारखे सगळे हात उंचावून गाऊ लागले.

नंतर चहा-सँडविच घेताना शेजारच्या एडनाकाकू म्हणाल्या, "पोरी, भाऊ आला नाही, पण आवाज पाठवला हो त्यानं!"

"हो ना," मी म्हटलं, "आवाजाला तिकीट लागत नाही."

मुलाखतींत तू सांगतोस, गाणं समुद्रकिनारी सुचलं. ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. खाण बंद पडून बाबा घर सोडून गेले, त्या सकाळी आई तुला म्हणाली होती, "उद्या सगळं बरं होईल रे, आज फक्त माझ्याजवळ बस." तू गिटार उचललीस आणि लंडनची गाडी पकडलीस. गाण्यात तिचं अर्धंच वाक्य घेतलंस.

उरलेलं अर्धं मी निभावलं, कालपर्यंत.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू याचंही गाणं करशील, आणि लोक हात उंचावून गातील.

तिच्याजवळ बसलेली,
ग्लेनिस