डोंगराखालच्या घराकडे

प्रिय रश्मी,

तिकडे नेदरलँडमध्ये अजून थंडी आहे का गं? इथे रहाटणीत पंखासुद्धा गरम हवाच फेकतोय. तुझा भाऊ विक्की चाकणच्या कंपनीतून ओव्हरटाइम करून येतो आणि ताटावरच पेंगतो.

दरड कोसळून आपली वाडी गेली, त्यालाही आता काही वर्षं झाली. आपलं घर तेवढं उभं राहिलं, पण सरकारने सगळी वाडीच धोक्याची ठरवली. तिथे राहायचं नाही, आणि नवी जागा अजून मिळत नाही. म्हणून विक्कीच्या या दोन खोल्यांत आम्ही. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्याकडे तोंड करून तुझे बाबा दिवसभर पडून असायचे. मध्ये पुनावळ्याच्या एका सोसायटीत गेटवर कामाला लागले होते. पण येईल त्या गाडीला थांबवून, "तुमचं गाव कंचं? पाऊस कसाय तिकडं?" असं विचारायचे. आठवड्यातच त्यांना घरी बसवलं.

तुझ्या प्रबंधाचा विषय समजावताना तू फोनवर सांगितलेलं मी मनात घोळवत असते. आंतरराष्ट्रीय कायद्यात निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने देशाबाहेर पडलेला माणूस. पावसाने, डोंगराने हाकललेल्याला त्यात जागा नाही. मी विचारलं, "मग आम्ही कोण गं?" तू म्हणालीस, "आई, त्यासाठीच तर भांडतोय आम्ही." पण जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत धाडू नये, एवढं तरी जग मानतं, असंही म्हणालीस. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

सोमवारी बाबा कुणाला न सांगता वाडीला निघून गेले. विक्की आणायला गेला, तर म्हणाले, "तितं रोज मरतोय. हितं मेलो तर एकदाच." विक्की उंबऱ्यावर बसून रडला आणि एकटाच परत आला. शिफ्ट बुडाली असती तर कंत्राटदाराने त्याला काढलंच असतं.

उद्या मीही जातेय. त्या डोंगराखाली त्यांना एकटं कसं ठेवू? तू धावत येऊ नकोस. पाऊस तोंडावर आलाय. आमचं काही बरंवाईट झालं तर लोक म्हणतील, यांना कुणी हाकललं नव्हतं, आपल्या पायांनी गेली. तू तरी तुझ्या प्रबंधात आम्ही 'स्वखुशीने परतलो' असं लिहू नकोस. एवढंच सांगायला हे पत्र.

तुझीच,
आई